वहिनीची दोन पातेली

आईला शहाळ्याचं पाणी मी पाजलं. वहिनीच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दादाला नाही, बायकोला नाही, आणि या एका गोष्टीपायी जिने सहा वर्षं मान खाली घालून काढली त्या वहिनीलाही नाही. ती आता नाही म्हणून याला धाडस झालं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. ती कशी होती ते लिहायला बसलो होतो, पण हे आधी सांगितल्याशिवाय तिच्याबद्दलचं एकही वाक्य खरं होईना.

सुलभावहिनी लग्न होऊन आमच्या कल्याणच्या घरी आली तेव्हा मी नववीत होतो. विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. वडील नुकतेच गेलेले, दादा ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून लागलेला. वहिनी संगमेश्वरकडची. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला उठवलं ते अंगाखालची गादी ओढून. "भाऊजी, उठा. नळ सातला जातो म्हणतात. मागाहून आंघोळ मागितलीत तर खाडीवर पाठवीन." नव्या नवरीने दिराशी असं बोलायचं नसतं हे तिला कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असेल तर तिने ऐकलं नसावं.

तिला सगळं रागावूनच करता यायचं. बारावीच्या प्रॅक्टिकलला मला ताप होता. तिने रिक्षा केली, कॉलेजपर्यंत मला शिव्या घातल्या (रात्री गच्चीवर झोपायला कुणी सांगितलं, स्वेटर काय देव्हाऱ्यात ठेवायला विणला), आणि मग चार तास पायरीवर थर्मास घेऊन बसली. शिपाई तिला उठवायला आला. "मी तुमच्या कॉलेजात शिकायला आले नाही, बसायला आलेय," ती म्हणाली. तो परत आला नाही. मी बाहेर आलो तेव्हा चहा हातात देत तिने फक्त विचारलं, "जमलं की परत यायचंय पुढच्या वर्षी?" आई हसून म्हणायची, हिला दोन शब्द गोड बोलायला काय होतं. वहिनीचं उत्तर ठरलेलं होतं: "मला गोड बोलायला वेळ नाही. कुणाला असेल तर त्याने या घरात येऊन काम करावं, म्हणजे मी बसते गोड बोलत."

पुढे मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लागलो, लग्न झालं, ठाण्यात फ्लॅट घेतला. आई कल्याणलाच राहिली. ठाणे ते कल्याण. लोक अमेरिकेहून वर्षातून दोनदा येतात; मी ठाण्याहून तेवढाच यायचो. आलो की सकाळी अकरा ते दुपारी तीन. आईच्या उशाशी बसायचं, हात हातात घ्यायचा, जेवायचं, निघायचं. वहिनी एकदा म्हणाली, "माया करा हो, पण आधी हात धुवा. बाहेरून आलात."

हात धुण्याला कारण होतं. आईच्या किडन्या गेल्या होत्या. सोमवार आणि गुरुवार डायलिसिस. दादाची ड्यूटी, म्हणून दोन्ही वार वहिनी न्यायची. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचा कागद दिला होता, तो तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दिवसाला पाऊण लिटर पाणी, चहा-औषधासकट. त्यातल्याच थोड्याचा ती बर्फ करायची आणि आईचं तोंड फार सुकलं की एक खडा चोखायला द्यायची. भाजीचं तर व्रतच होतं. आईच्या शरीरातून पोटॅशियम बाहेर पडत नव्हतं, आणि ते वाढलं तर हृदय थांबतं, असं तिला सांगण्यात आलं होतं. म्हणून आईचं पातेलं वेगळं. छोटं, एका बाजूला पोचा आलेलं. भाजी बारीक चिरून तासभर भिजवायची, ते पाणी फेकायचं. मग उकळायची, तेही पाणी फेकायचं. मग जेमतेम मिठाची फोडणी. घरच्यांचं मोठं पातेलं वेगळं, त्यातला चमचासुद्धा छोट्यात जायचा नाही. डायलिसिसच्या ठिकाणी बाकीच्या पेशंटच्या बायका तिच्याकडून हे शिकून घ्यायच्या. त्यांच्यावरही ती खेकसायची: "चव गेली म्हणून रडू नका. पाणी फेकायचं म्हणजे फेकायचं. जीव तुटला तरी फेकायचं."

आणि हे सगळं बघून आमचे नातेवाईक काय म्हणत? डोंबिवलीची मावशी, आईची धाकटी बहीण, दर महिन्याला येऊन पदराने डोळे टिपायची. "सासूला चोथा घालते आणि पाणी मोजून देते. कुठे फेडशील गं?" वहिनीने तिला चहा दिला आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही आठ दिवस राहा. हवं तेवढं पाणी द्या. नवव्या दिवशी मी रडायला येते." मावशी तिन्हीसांजेच्या आत घरी गेली. मी हे ऐकून हसलो होतो. पण घरी जाताना बायकोला म्हणालो, "वहिनी जरा अतीच करते." मावशीचा राग येतो तेव्हा मला हे वाक्य आठवतं.

आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, शहाळी न्यायची, ही आमच्याकडची रीत. एका फेरीला मी दोन घेऊन गेलो. वहिनी दारातच आडवी. "हे घेऊन आत यायचं नाही."

"अगं वहिनी, शहाळं आहे. थंड असतं."

"कागदावर लिहिलंय. हे आईंना विष आहे. वाचता येतं ना? एवढं शिकवलं आम्ही."

माझ्या मागे बायको उभी, मुलगी उभी, समोरचं दार उघडं. तिने माझ्या हातातली शहाळी घेतली आणि खाली जाऊन वॉचमनला दिली. मी सेहेचाळीस वर्षांचा, हाताखाली बारा माणसं. आत जाऊन मी आईजवळ बसलो खरा, पण चारही तास माझं डोकं फक्त त्या दारात होतं.

त्यानंतर चार महिन्यांनी, मे महिन्यातल्या एका रविवारी, आम्ही पुन्हा गेलो. बायको आणि मुलगी वर गेल्या. मी म्हणालो, गाडी लावून येतो. कोपऱ्यावरच्या हातगाडीवाल्याकडे दोन शहाळी फोडून घेतली आणि त्यांचं पाणी मुलीच्या पाण्याच्या बाटलीत ओतून घेतलं. हे आईच्या मायेपोटी केलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो. नाही. मला वहिनीला हरवायचं होतं. तिला कळणारही नाही अशा रीतीने का होईना, हरवायचं होतं.

दादा दही आणायला गेला होता. बायको वहिनीच्या मदतीला स्वयंपाकघरात, मुलगी गॅलरीत. आई खाटेवर. ओठ फुटलेले. "पाणी दे रे जरा." मी बाटलीचं झाकण काढलं. तिला वासावरूनच कळलं. "शहाळं?" तिने दोन्ही हातांनी बाटली धरली आणि न थांबता सगळं प्याली. एवढ्यात आतून आवाज आला, "भाऊजी, आईंचे अजून दोन पेले बाकी आहेत. मागितलं तर मला हाक मारा." आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "तिला सांगू नकोस हं. ओरडेल."

"नाही सांगत," मी म्हणालो. आईला दिलेला हा एवढा एकच शब्द मी पाळला.

बाटली धुवायला मी आत गेलो. वहिनी पानं घेत होती. त्या दिवशी पुऱ्या, आमरस आणि बटाट्याची भाजी होती. आईलाही बटाटा आवडायचा, म्हणून तिच्यासाठी सकाळीच भिजवून, उकळून, पाणी फेकून वेगळी केली होती. वहिनीने आईच्या ताटलीत वाढलं ते छोट्या पातेल्यातलं. मी तिच्या शेजारी उभा होतो. मी पाहिलं.

सोमवारी सकाळी डायलिसिसला निघायचं म्हणून वहिनी आईची वेणी घालत होती. वेणी अर्धी असतानाच आई तिच्या अंगावर कलंडली. दवाखान्यात मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर तरुण होते, वैतागलेले होते. "पोटॅशियम प्रचंड वाढलं होतं. काय दिलं काल? फळं? ज्यूस? नारळपाणी?"

"काही नाही," वहिनी म्हणाली. "बटाटा दिला, पण पाणी काढून."

डॉक्टर निघून गेले. दादा वळला. "पाहुण्यांच्या गडबडीत आपल्यातलीच वाढलीस तू."

"नाही हो."

"मग पोटॅशियम वाढलं कसं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी दोन हात अंतरावर उभा होतो आणि मोबाइलमध्ये नातेवाइकांचे नंबर शोधत होतो.

चौथ्या दिवशी मी पाणी प्यायला आत गेलो, तर वहिनी जमिनीवर बसली होती, समोर दोन्ही पातेली घासून ठेवलेली. "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही बाटली धुवायला आत आलेलात. मी आईंना वाढत होते. कुठल्या पातेल्यातलं वाढलं मी?"

इतक्या वर्षांत तिने स्वतःबद्दल मला कधी काही विचारलं नव्हतं. ती सांगायची, आणि मी ऐकायचो.

"माझं लक्ष नव्हतं, वहिनी."

"नीट आठवा."

"नाही आठवत."

तिने छोटं पातेलं उचललं आणि परत खाली ठेवलं. "मलाही आता नक्की आठवत नाही," ती म्हणाली.

शहाळ्याचं सांगायची हिंमत नव्हती, हे एक वेळ मी समजू शकतो. पण पातेल्याचं सांगायला काय जात होतं माझं? एवढं म्हणालो असतो, छोट्यातलं वाढलंस, मी पाहिलं, तरी ती सुटली असती. पण मग दादाने पुन्हा विचारलं असतं, मग वाढलं कसं. तो प्रश्न फिरत फिरत माझ्यापाशी येऊ नये म्हणून मी त्या बाईला तिच्या स्वतःच्या हातांवर संशय घ्यायला लावला.

त्यानंतर तिचा राग गेला. लोक म्हणाले, वयानुसार शांत झाली. डायलिसिसच्या ओळखीतल्या एका बाईचा फोन आला, नवऱ्याला भाजी कशी द्यायची विचारायला. वहिनी म्हणाली, "मला नका विचारू ताई. मला नाही जमलं ते." दादा रोज जेवताना म्हणायचा, "बघून वाढ." दोनच शब्द, आवाज न चढवता. सहा वर्षं. ती बघून वाढायची. मी गेलो की "घ्या ना भाऊजी, अजून एक घ्या ना," असं गोड बोलायची. ते ऐकवत नसे. तिने एकदा तरी खेकसावं, गादी ओढावी, असं वाटायचं, आणि मी अजून एक पुरी घ्यायचो.

गेल्या वर्षी तिला कावीळ झाली ती उतरलीच नाही. दवाखान्यात वीस मिनिटं आम्ही दोघंच होतो. दादा औषधं आणायला गेला होता. तिने विचारलं, "पोरगी आता बारावीला ना? सायन्स?" मी सायन्सबद्दल बोललो. क्लासबद्दल बोललो. वीस मिनिटं बोललो. तीन दिवसांनी ती गेली.

गेल्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध झालं. मी, बायको आणि मुलगी अकराला पोचलो. जेवणं झाल्यावर दादा सुपारी कातरत माझ्या मुलीला म्हणाला, "तुझी काकू मनाने वाईट नव्हती. एकदा चुकली, त्यात आई गेली आमची. पण मी केव्हाच माफ केलं तिला."

माफ केलं. ज्याने सहा वर्षं तिच्या प्रत्येक घासाआधी दोन शब्द ठेवले, तो म्हणतो माफ केलं. त्याची मानगूट धरावी असं वाटलं. मग लक्षात आलं की दादावर चिडणं मला किती सोपं जातंय. तो निदान खोटं बोलत नव्हता. त्याला जे ठाऊक होतं ते तो बोलत होता, आणि त्याला जे ठाऊक होतं ते मी ठेवलेलं होतं.

मुलगी म्हणाली, "पण काका, आजीचं सगळं काकूच करायची ना? मग माफ काय करायचं त्यात?"

दादा सुपारी कातरायचा थांबला. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी उठलो आणि म्हणालो, "चला, पत्रीपुलाला ट्रॅफिक लागेल."

लागला नाही. पाऊण तासात आम्ही घरी होतो.

हे लिहून झालं तरी काही फिटलं नाही, कारण दादा असलं काही वाचत नाही आणि ते मला माहीत आहे. कल्याणला जाऊन, दादासमोर आणि माझ्या मुलीसमोर बसून, आईला कुणी काय पाजलं आणि वहिनीने काय वाढलं, हे मला माझ्या तोंडाने सांगायचं आहे. एवढं मी वहिनीचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.