शेवटची खोली बाकी

आमच्या दुकानातल्या रफूवाल्या ताईंना एक खोड होती. कपड्याचं भोक बुजवून झालं, की शेवटचा धागा त्या कापायच्या नाहीत. बोटाच्या पेराएवढा तसाच लोंबत ठेवायच्या. गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं, की आतल्या टेबलावरून उठून काउंटरवर यायच्या, त्या धाग्यावर बोट ठेवून म्हणायच्या, "इथे होतं बघा," आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कात्रीने तो कच्चकन उडवायच्या. त्याला त्या शेपूट म्हणत.

मी काउंटरवर बसतो. कपडे धुवायला घ्यायचे, पावती फाडायची आणि डाग आमच्याकडे येण्याआधीचा की नंतरचा यावरून लोकांशी हुज्जत घालायची, हे माझं काम. समोर पाच माणसं खोळंबलेली असताना ह्यांचा तो शेपटाचा सोहळा चालायचा आणि माझं डोकं फिरायचं.

"ताई, आधीच कापून ठेवत जा ना!"

"मग भोक कुठे होतं ते मलाही सापडायचं नाही," त्या म्हणायच्या. "आणि कपडा ज्याचा, त्याच्यासमोरच शेवट करायचा. मला शिकवणारीने असंच शिकवलंय."

काही कपडे न्यायला कोणी येतच नाही. मागच्या दांडीवर असे कितीतरी कोट शेपट्या लोंबवत टांगलेले होते. त्यांनाही ताईंनी कधी मला कात्री लावू दिली नाही. येतील हो, म्हणायच्या. मी म्हणायचो, त्यातले निम्मे वर गेले असतील. त्यावर त्या सुईत धागा ओवायला लागायच्या. माझ्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसलं, की त्यांना नेमका तेव्हाच धागा ओवायचा असायचा.

दुपारच्या सुट्टीत मी काउंटरवरच डबा खायचो आणि ताई आत खिडकीशी बसायच्या. जेवण उरकलं, की पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला एक जुना टॅबलेट काढायच्या. त्याच्या एका कोपऱ्यावर तडा गेलेला होता. मला वाटायचं, बघत असतील एखादी रडकी मालिका. एक दिवस इस्त्रीवाला आला नव्हता, त्यामुळे वाफेच्या यंत्राची फुसफुस बंद होती, आणि आतून आवाज आला. नाकातून, चिरका.

"पत्र आलंय हो, पण तुमचं नाही!"

पाठोपाठ दुसरा, घोगरा. "मग मेल्या, दार कशाला वाजवलंस?"

मी हातातला घास टाकून आत गेलो. ताई एकट्याच होत्या. मला बघून इतक्या लाजल्या, की टॅबलेट पदराखाली घेतला.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"खेळ आहे."

"या वयात?"

"तुमचं वय झालंय म्हणून सगळ्यांचंच झालं का?" त्या म्हणाल्या आणि मग, बहुतेक कोणाला तरी सांगायचंच होतं म्हणून, टॅबलेट बाहेर काढून दाखवला.

एका बेटावर एक जुनं हॉटेल. त्याची म्हातारी मालकीण नाहीशी झालेली. आपण डिटेक्टिव्ह. प्रत्येक खोलीत एक कोडं, ते सुटलं की पुढची खोली उघडते. कुठे भिंतीवरच्या फुलांच्या क्रमाने कपाटाचे खण ओढायचे, कुठे एका लठ्ठ मांजरीच्या बुडाखालून किल्ली काढायची. त्यासाठी आधी तिला मासा द्यायचा, आणि तोही तिच्या पसंतीचा. हॉटेलात एक पोस्टमन, एक स्वयंपाकी, एक छत्र्या विकणारी बाई. सगळेच संशयित. चित्रं इतकी सुबक, की हॉटेलातल्या गालिच्याचा कोपरा कसरीने खाल्लेलाही दिसायचा, तेवढा ताईंनी मला आवर्जून दाखवला.

त्यातली माणसं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात आणि खाली परक्या भाषेत अक्षरं उमटतात. ताईंचा मुलगा शाळेत होता तेव्हा तो ती वाचून आईला आपल्या भाषेत सांगायचा, प्रत्येकाचा वेगळा आवाज काढून. पोस्टमन नाकातून, स्वयंपाकी घोगरा. नवरा लवकर गेलेला. एकच खोली, एक खाट, दोघं एका चादरीत आणि मध्ये हा टॅबलेट. आईने शोधायचं, पोराने बोट लावायचं. त्याचं घरातलं नाव टिल्ल्या. खेळाच्या सुरुवातीला दोन नावं विचारतात. त्याने डिटेक्टिव्हच्या जागी 'टिल्ल्या' लिहिलं होतं आणि मदतनीसाच्या जागी 'आई'.

पुढे टिल्ल्या मोठा झाला, शिकला, लांब नोकरी लागली. तो निघाला तेव्हा खेळ शेवटच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबला होता.

"म्हणाला, आई, मी आलो की उघडू. एकटीने उघडू नकोस हं."

"मग?"

"मग काय. थांबलेय."

ताईंनी मला ते दार दाखवलं. त्यावर चार चकत्या, चारींवर चित्रं. कोडं त्यांनी केव्हाच सोडवलं होतं, चारही चकत्या जागच्या जागी फिरवून ठेवल्या होत्या. फक्त मूठ खाली ओढायची राहिली होती. मुलगा गेल्यापासून त्या रोज दुपारी मागच्याच खोल्या पुन्हा पुन्हा खेळायच्या, खालची परकी अक्षरं एकेक करून लावायला शिकल्या होत्या, त्याचे आवाजही स्वतः काढायच्या, आणि दारापाशी आल्या की टॅबलेट फडक्यात गुंडाळायच्या.

"ओढून टाका मूठ," मी म्हणालो. "तिकडे बसून त्याला काय कळणार आहे?"

"त्याला नाही कळणार. मला कळेल ना."

मी बाहेर आलो. पण दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आतच गेलो, निमित्त उन्हाचं. मग रोजच जाऊ लागलो. माझा संशय स्वयंपाक्यावर होता, ताईंचा छत्रीवालीवर.

"तिच्या खिडकीचा पडदा बघा, उलटा टांगलाय," त्या म्हणायच्या. त्यांच्या हातात कुठलाही कपडा आला, की आधी तो उलटा करून बघायची सवय. "उलटी बाजू बाहेर ठेवणारं माणूस साधं नसतं."

"किंवा आळशी असतं," मी म्हणायचो.

खरं सांगतो, दिवसाकाठी माझ्याशी भांडणाखेरीज कोणी बोलत असेल तर ते तेवढंच. घरी मी आणि भिंती. त्यामुळे त्या म्हाताऱ्या मालकिणीचं काय झालं याची मला नको तितकी उत्सुकता लागली होती.

ताईंना मुलाचा फोन यायचा. जेवलीस का, बरी आहेस ना, चल ठेवतो. त्यात खेळाचा विषय ताईंनी कधी काढला नाही. तो आला की समोर ठेवायचा, असं त्यांचं ठरलेलं. आणि एक दिवस त्या आत जाण्याआधीच काउंटरवर थांबल्या. चेहऱ्यावरूनच कळलं. चिरंजीव येणार होते.

मग काय विचारता! टॅबलेटची बॅटरी म्हातारी झालेली, वायर लावल्याशिवाय चालायचा नाही, म्हणून दुकानातली लांब वायर मागून घरी नेली. ती खाटेपर्यंत पुरते की नाही हे आधी बघून आल्या. एवढंच नव्हे, तर सगळ्या संशयितांवर स्वतःची तोंडी परीक्षा मला घ्यायला लावली, ऐन वेळी काही विसरायला नको म्हणून. मग रजा घेतली.

पण रजा संपायच्या आतच त्या कामावर आल्या. टिल्ल्याला कंपनीच्या बैठका होत्या, मग मित्र होते, रात्री दमून येऊन झोपायचा. "आज निवांत आहे म्हणाला," त्या सांगायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर हजर. टॅबलेट मात्र रोज पिशवीत असायचा, वायरीसकट.

निघायच्या दिवशी तो दुकानातच आला. बाहेर गाडी उभी. दाराला डोकं टेकेल एवढा उंच टिल्ल्या! पोरगा वाईट नव्हता हो, हसरा होता, माझ्याशीही दोन शब्द बोलला. त्याने आईला जवळ घेतलं, औषधं वेळेवर घ्यायला सांगितली. ताईंनी पिशवीत हात घातला.

"अरे, ती शेवटची खोली राहिलीय आपली. दोन मिनिटांचं काम आहे. मी सगळं लावून ठेवलंय, नुसती मूठ ओढायची."

त्याने बघितलं आणि तो हसला. "अगं, हे अजून ठेवलंयस तू? मी कधीच संपवला हा गेम. तिकडे गेल्या गेल्या."

"संपवलास?"

"हो ना. तो पोस्टमनच असतो. त्यानेच म्हातारीला लपवलेलं असतं." हातातला फोन वाजला, त्याने तो बघितला. "चल, गाडी थांबलीय. पोचलो की फोन करतो."

आणि गेलाही. ताई टॅबलेट धरून तशाच उभ्या होत्या. मला इतका राग आला, की समोरच्या गिऱ्हाइकाच्या कपड्यावर धडधडीत आमच्या हातून पडलेला डागही मी त्याच्यावरच ढकलला.

संध्याकाळी ताईंनी एक ओव्हरकोट माझ्याकडे दिला. रफू झालं म्हणाल्या. मी शेपूट शोधू लागलो. बाह्या बघितल्या, कॉलर बघितली, कोट उलटा करून बघितला. शेपूट नव्हतं. त्यांनी ते आधीच कापून टाकलं होतं, आणि भोक कुठे होतं ते मला सापडलं नाही.

त्यानंतर दुपारी टॅबलेट बाहेर निघेना. ताई भराभर जेवायच्या आणि लगेच कामाला लागायच्या. मी डबा घेऊन आत बसायचो, पण बोलायचं कशावर? स्वयंपाक्याचं नाव काढायची हिंमत झाली नाही. शेवटी मी पुन्हा काउंटरवर जेवायला लागलो.

मग एका दुपारी त्यांनीच आतून हाक मारली. "भाऊ, जरा येऊन बसता का?"

गेलो. टॅबलेट टेबलावर, वायर लावलेली.

"एकटीने उघडू नकोस म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "म्हणून तुम्हाला बोलावलं. मला एकदा बघायचंय, पोस्टमनच आहे का. पोस्टमनच असला तर टिल्ल्याने खरंच माझ्याशिवाय संपवलाय."

मी दाराला 'जेवणाची सुट्टी' पाटी लावली आणि स्टूल ओढून बसलो. दारापाशी पोस्टमन उभा होता. त्याच्या तोंडून पुटपुट झाली, खाली अक्षरं आली. ताईंनी टॅबलेट माझ्याकडे वळवला. मग मीच नाक दाबून म्हणालो, "पत्र आलंय हो, पण तुमचं नाही!"

"अजून थोडं नाकातून," त्या म्हणाल्या, आणि मूठ खाली ओढली.

दार उघडलं. आत शेगडीपाशी म्हातारी मालकीण बसलेली, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, मांडीवर ती लठ्ठ मांजर. ना दोरी, ना कुलूप. ताईंनी खालची अक्षरं सावकाश लावत वाचली. पाहुण्यांचा कंटाळा आला म्हणून बाई आपणहून दडून बसल्या होत्या. "आत्ता कुठे पाय शेकायला लागले होते, तेवढ्यात आलात कडमडायला!" पोस्टमन बिचारा नुसता पत्रं वाटत हिंडत होता. छत्रीवालीही निर्दोष, स्वयंपाकीही.

मला हसू फुटलं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी ती अक्षरं पुन्हा वाचली आणि एकदम माझं मनगट धरलं.

"भाऊ, पोस्टमन नाही!"

"नाहीच की."

"म्हणजे त्याने संपवलाच नाही! माझ्याशिवाय दार उघडलंच नाही त्याने!"

त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा असा उजळला होता, की मला बघवेना. कारण मला दुसरंच दिसत होतं. गाडी थांबलेली, समोर आई टॅबलेट घेऊन उभी, दोन मिनिटं बसायला नको म्हणून पोराच्या तोंडाला आलं ते त्याने ठोकून दिलं होतं. अगदी जिभेवर आलं माझ्या. मी काही जीभ आवरणारा माणूस नाही, उभं दुकान सांगेल. पण त्या दिवशी गिळलं आणि म्हणालो, "नाहीच उघडलं त्याने."

प्रत्येक कपडा आधी उलटा करून बघणाऱ्या त्या बाईंना ह्याची उलटी बाजू दिसली नसेल? मला अजून ठरवता आलेलं नाही.

ताईंनी डोळे पुसले. खेळ विचारत होता, सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायचं का. त्यांनी 'हो'वर बोट ठेवलं.

"आता दार पुन्हा बंद होईल," त्या म्हणाल्या. "त्या दारापर्यंत आणून ठेवते. आला की दोघं उघडू. तुम्ही त्याला सांगू नका हं, म्हातारीचं."

मग नावं विचारणारा पडदा आला. मी स्टूल थोडं पुढे ओढलं. का ओढलं, ते मी कोणाला सांगणार नाही. ताई एकेक अक्षर शोधत लिहीत होत्या. डिटेक्टिव्ह: टिल्ल्या. मदतनीस: आई. तिसऱ्या माणसासाठी त्या खेळात जागाच नव्हती. बाहेर कोणीतरी काच वाजवत होतं, मी उठलो आणि पाटी काढायला गेलो.