जनार्दनच्या थांबण्याच्या जागा

जनार्दन गेल्याचा निरोप आला तेव्हा मी त्यावर अंगठा पाठवला. आमच्या कामात तारीख-वेळ आली की आधी अंगठा, बाकी नंतर. त्याच्या मेहुण्याच्या निरोपाची शेवटची ओळ तेवढी मोबाइलवर दिसली होती, ‘उद्या सकाळी दहाला निघायचं’, आणि मी वर विचारलंही, ‘किती माणसं? ढोलक्या दोन आणू का?’ वरची ओळ वाचली तेव्हा पनवेल स्टँडसमोर उसाच्या रसाचा ग्लास माझ्या हातात होता. तो मी शेवटपर्यंत प्यायलो. का, ते अजून कळलेलं नाही. या सहा आठवड्यांत जे जे कळलेलं नाही, त्यात ही सगळ्यात लहान गोष्ट.

मी बेंजोवाला. पनवेल-उरणकडच्या गावांत हळदीला आमची पार्टी लागते, आणि आमचा एकच धर्म, वाजवणं थांबवायचं नाही. बेंजो थांबला की लोकांना जेवण आठवतं आणि मांडव रिकामा होतो. जनार्दन माझा शाळेपासूनचा मित्र. जासईच्या कंटेनर यार्डात त्याने जन्मभर कारकुनी केली आणि घरी येऊन आईबापाच्या मिठागरावर लिहिलं, त्यांच्याच बोलीत. ते त्याला छापायचं नव्हतं. “आमची भाषा कागदावर आजारी दिसते रं,” म्हणायचा. म्हणून अल्बम. तो वाचणार, मी वाजवणार. मी म्हटलं, एखादा बासरीवाला बघ, साहित्य आहे हे. तर म्हणाला, “बासरी लावली तर मिठागरात पावने आल्यासारखं वाटंल. तू घरचा.” इतकी स्तुती पुरे होती, मी लगेच हवेत.

माझ्या घराच्या वरच्या खोलीत गोधड्या टांगून स्टुडिओ केला. माइक एकच, दोघांच्या मधे. “एकत्र बसल्याशिवाय रंगत नाही,” हे माझं तज्ज्ञ मत. पहिल्याच दिवशी तो बापाच्या भेगाळलेल्या टाचांचं वाचता वाचता थांबला. मी काय सोडतो, दोन ताना घालून जागा भरून काढली. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “सुऱ्या, हलदीत नवरा गप बसतो म्हनून तू वाजवतोस. हितं मी बोलतोय.” मी म्हटलं, “मग थांबतोस कशाला?” तो नुसता हसला... पुढच्या प्रत्येक वाचनात त्याचं थांबणं लांबत गेलं. मला वाटलं, गड्याला माझं वाजवणं पटलं, जागा देतोय. शेवटच्या दोन वाचनांत तर मी जवळजवळ अख्खी हळद वाजवली. वर यायला त्याला वेळ लागायचा. “जिना उंच हाय तुजा,” म्हणायचा, आणि मी गवंड्याला दोष द्यायचो.

अल्बम आला, चार लोकांनी वाहवा केली, एकाने बेंजोला ‘धाडसी’ म्हटलं. मी ते सगळ्यांना पाठवलं.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. “भावोजी, मला यांचा आवाज पायजे. तुमचं वाजवनं काडून.” मी हो म्हणून बसलो. घरी येऊन आठही वाचनं ऐकली तेव्हा ध्यानात आलं, एका माइकमुळे त्याचा एकट्याचा असा एक श्वाससुद्धा मी शिल्लक ठेवला नव्हता. कामोठ्यात स्टुडिओ चालवणाऱ्या एका मुलीकडे गेलो. तिने कॉम्प्युटरवर बेंजो वेगळा काढला, हेडफोन माझ्या कानाला लावला आणि म्हणाली, “काका, हे ऐका. यांना त्रास होत होता का?”

माझ्या तानांखाली जनार्दन धापा टाकत होता. खरखरत, लांबून पाणी ओढल्यासारखा. थांबायचा तो त्यासाठी. मी हातभर अंतरावर बसलो होतो, डोळे मिटून, रंगात येऊन.

ती फाइल मी चार दिवस दिली नाही. नवऱ्याचा आवाज मागणाऱ्या बाईला हे ऐकवायचं? मुलीला म्हटलं, धापा काढून टाक. ती म्हणाली, काढते. परत फोन केला, नको काढू. पुन्हा काढ. शेवटी तिने दोन्ही फाइली दिल्या आणि मला हात जोडले.

वहिनींना खरं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “फुप्फुसाचं दोन वर्सं म्हायती होतं आमाला. तुमाला सांगायचं नाय अशी शपत घातली होती. म्हनायचे, सुऱ्या वाजवतोय म्हनून कुनाला कलत नाय.”

“म्हणजे माझ्या वाजवण्याचा राग नव्हता त्याला?”

“राग होताच की. जेवताना रोज शिव्या घालायचे.”

आता यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं... मी दोन्ही फाइली पुढे केल्या. त्यांनी धापांची मागितली. मी म्हटलं, वहिनी, दुसरी स्वच्छ आहे.

“शबुद वहीत हायेत यांचे,” त्या म्हणाल्या. “हे वहीत नाय.”

मोबाइल त्यांनी तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. जनार्दन वाचायला लागला, टाचांपाशी आला, थांबला. त्या खोलीत फक्त त्याचा श्वास. माझी बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली, तेव्हा मी ती दुसऱ्या हाताने धरून ठेवली. वहिनी भाजी हातात तशीच धरून बसल्या होत्या. खूप वेळ गेला, निदान मला तसं वाटलं. मग त्याने पुढचं वाक्य वाचलं.