प्रसूतीच्या खोलीचं दार

पवनानगरजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी वर्षभर डॉक्टर होते. तिथे लादी पुसणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, याची आता लाज वाटते.

प्रसूतीच्या खोलीत बाईजवळ तिची आई किंवा सासू थांबू शकेल, असा लेखी आदेश मी रुजू होताच काढला. तो भिंतीवर लागला, पण दार बंदच राहिलं. "गर्दी होते मॅडम," सिस्टर म्हणायच्या. आत पोरी एकट्याच कण्हायच्या.

मावशी दुपारी फडकं पिळून वाळत घालायच्या, ओले हात पदराला पुसायच्या आणि कुणातरी सिस्टरशेजारी डबा उघडून बसायच्या. रोज निराळ्या सिस्टरशेजारी. हलक्या आवाजात काहीतरी बोलणं चालायचं. हळूहळू एकेकीच्या ड्युटीत ते दार उघडायला लागलं. शेवटी सगळ्यांत कडक अशा मोठ्या सिस्टरनी स्वतःच एका मुलीच्या आईला आत बोलावलं.

"मावशी, तुम्ही सांगितलंत तरी काय त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं काय बी न्हाई. येकेकीला निस्तं इचारलं, तुमच्या येळंला जवळ कोन व्हतं?"

"आणि तुमच्या?"

त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं. "थोरलीच्या येळंला मी हितंच व्हते. आई भायेर त्या बाकड्यावर. तिला माजा आवाज ऐकू यायचा."

त्याच दिवशी मी ते बाकडं उचलून आत, खाटेशेजारी ठेवायला लावलं.