वाचायची, पण बघायची नाही

नाडी न बघता, नुसतं तोंड बघून कोणाला कोणता सुपरहिरो लागू पडेल हे सांगणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ आहे. काका साजगावच्या एका कागद कारखान्यात रद्दी निवडायच्या कामावर आहेत. परदेशातून जुन्या कागदाचे गठ्ठे येतात. ते फोडायचे, चकचकीत कागद एका ढिगात, साधा दुसऱ्या ढिगात. या गठ्ठ्यांतून कधीमधी सुपरहिरोंची जुनी चित्रपुस्तकं निघतात. कव्हर चकचकीत, म्हणून निवडताना ते आधी फाटतं. उरलेलं पुस्तक काका साहेबांना विचारून, फाटकावर दाखवून, डब्याच्या पिशवीतून घरी आणतात. त्यामुळे ज्या वीरांची नावं मुलांच्या कंपासपेट्यांवर छापलेली असतात, ते काकांच्या घरी येतात ते बिनकव्हराचे, बिननावाचे आणि पुष्कळदा शेवटच्या चार पानांशिवाय. मग काका त्यांचं बारसं करतात. वीज झेलणारी ती वीजबाई. राग आला की दगड होणारा तो दगडू. आठ हात असून एकही काम पुरं न करणारा तो आठहात्या.

घरी कोणी आलं की चहा उकळेपर्यंत काका त्या माणसाकडे टक लावून बघत राहतात. नवखा माणूस शर्टावर काही सांडलंय का ते तपासतो. मग काका आत जाऊन कॅलेंडरचं जुनं पान आणतात आणि त्याच्या पाठीमागे यादी लिहून देतात: आधी काय वाचायचं, मग काय, आणि शेवटी कोणता पिक्चर बघायचा. क्रम काकांचा स्वतःचा, म्हणजे गठ्ठे ज्या क्रमाने फुटले तो. शेजारचे भाऊ बांधावरून गावातल्या निम्म्या लोकांशी भांडले होते. त्यांना दगडू मिळाला. "आधी चौथा भाग वाचा, मग दुसरा. पयला अजून बोटीत हाय. मग पिच्चर बघा, पन पयला अर्धा तास सोडा, त्यात नुसती ओळख हाय." वर काकांनी हेही सांगितलं, "भाऊ, हा रागावला का दगड होतो. मग त्याला जेवायला कोन बोलवत नाय." भाऊ म्हणाले, "मला शिकवतो काय रं," आणि पुस्तक काखेत मारून गेले. दोन महिन्यांनी ते खाकी कव्हर घालून परत आलं. भाऊ उंबऱ्यातूनच म्हणाले, "चौथ्या भागात रडला तो." अभिप्राय तेवढाच, पण दुसरा भाग त्यांनी स्वतः मागून नेला. काकूंना वीजबाई मिळाली. त्या म्हणाल्या, "हिला म्हनावं, लाइट गेल्यावर आमची मोटार लाव." माझ्या वडिलांना आठहात्या मिळाला, तेव्हा ते दोन दिवस काकांशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी पिक्चर बघून पुन्हा पहिल्यापासून लावला.

मला यादी मिळाली नाही.

हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण कोणाला काय मिळालं ते मला तोंडपाठ होतं. दूधवाल्याला मिळालं, मीटर बघायला येणाऱ्याला मिळालं. आणि ही सगळी पुस्तकं वाचली कोणी होती? काकांना इंग्रजी अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. मी कर्जतला इंग्रजी शाळेत होते, म्हणून नऊ वर्षांची असल्यापासून रविवारी वडील मला काकांकडे घेऊन यायचे. पडवीत लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मी चित्रातल्या माणसांच्या तोंडाजवळचा बोलण्याचा एकेक फुगा वाचायचे आणि त्याचं मराठी सांगायचे. काका ते कागदाच्या पट्टीवर लिहायचे, कातरायचे आणि मैद्याच्या खळीने फुग्यावर चिकटवायचे. (खळ झुरळांना आवडते. काही पानांवर वीर तोंड उघडून उभे आहेत आणि त्यांचं बोलणं झुरळांनी खाल्लं आहे.) तर दगडू जे रडला, ते माझ्या शब्दांत रडला. त्याचं मला मिळालं काय, तर चहा आणि खारी.

त्या पुस्तकांतली एक माझ्या मनात होती. ती बोलत नसे. कोणाच्या गळ्याला बोट लावलं की त्याचा आवाज जाई, आणि तिच्या घरात फळीवर काचेच्या बरण्यांत ते आवाज ठेवलेले असत. मी वर्गात हजेरीलासुद्धा जेमतेम ऐकू जाईल एवढं बोलायचे. दहाव्या वर्षी तिला बघितलं आणि ही आपली, असं ठरवून टाकलं. तिच्याबद्दल लोक जे बोलत होते ते बरं नव्हतं. चोर, विषारी, हिला संपवायला हवं. मला इंग्रजी येत होतं, हे मुद्दाम सांगते. तरी मी काकांना सांगितलं, "ओरडणाऱ्या लोकांचे आवाज ती काढून घेते. शांत झाले की परत देते. आणि हा म्हणतोय, हिला जपायला हवं." काका बरण्यांकडे बघून म्हणाले, "म्हंजे लोनच्यासारखं मुरवत ठेवते." त्यांनी तिचं नाव गप्पी ठेवलं. पुढे बारावीत मी तिचा पिक्चर पाहिला. ती खलनायिका होती. विसाव्या मिनिटाला इमारतीवरून पडली. मी काकांना काही बोलले नाही, नेहमीप्रमाणे.

यंदा एका रविवारी काका चहा बशीत ओतत म्हणाले, "काल एका पोरीला गप्पी दिली."

मी खारी खाली ठेवली. "कोणाला?"

"सोनी. ठाकूरवाडीची हाय, नवीन लागलीय निवडायला. आठ दिवस बघतोय, पोरगी शब्द बोलत नाय. तिलाच लागू हाय."

आठ दिवस. मी पंधरा वर्षं त्यांच्यासमोर बसून स्वतःचं काही बोलत नव्हते, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या रविवारी मी गेले तर सोनी लाल खुर्चीत बसली होती. वीस-एक वर्षांची, केसाला तेल, मांडीवर गप्पी. वाचता वाचता ती एका पट्टीवर हसली. कुठल्या, ते मला लांबून कळलं. ते वाक्य माझं होतं. काका तिला विचारत होते, "कशी वाटली गं?" मला हे कधी विचारलं नव्हतं. काका पुढचा भाग आणायला आत गेले. माझ्या फोनमध्ये पिक्चर होता. विसावं मिनिट मला ठाऊक होतं. दाखवला असता तर गप्पी तिची राहिली नसती. माझीही राहिली नसती, पण तेव्हा ते चाललं असतं.

"हिचा पिक्चर आहे माझ्याकडे," मी म्हणाले. "बघतेस?"

तिने मान हलवली. "नाय ताई. नाय बघायचा." तिने कमरेची चंची सोडून कॅलेंडरचं पान काढलं. भाग पहिला, भाग दुसरा, भाग तिसरा. खाली काकांच्या गोल अक्षरात: हिचा पिच्चर बघू नये.

"का?"

"काका बोलले, पिच्चरवाल्यांना इंग्रजी नीट वाचता आलं नाय. त्यांनी हिला वाईट केली. खरी गोष्ट आमच्या पुतनीनं वाचलीय." मग तिने मला विचारलं, "ती पुतनी कोन, तुमची बहीन काय?"

"मीच."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी? तुमी तर आल्यापासून बोलतच नाय."

काका दुसरा भाग घेऊन दारात उभे होते. मी फोन पर्समध्ये टाकला. "तुम्ही पिक्चर पाहिलात?"

"कवाच. तू बारावीला व्हतीस."

"मग मला बोलला नाहीत?"

"तू पन नाय बोललीस." त्यांनी पुस्तकावरची धूळ फुंकली.

आता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही, असं वाटलं. "आणि माझी यादी?"

"तुला काय यादी देऊ गं? गठ्ठ्यातून आली ती चोरटी व्हती. गप्पी तू आनलीस."

हल्ली गठ्ठ्यांतून बहुतेक पुठ्ठ्याचे खोकेच येतात. पुस्तक वर्षात एखादं निघतं, आणि काकांची नोकरीही आता थोडीच उरली आहे. त्या दिवशी मी पडवीच्या पायरीवर बसले. खुर्ची मागावीशी वाटली, मागितली नाही. दुसरा भाग सोनीने वाचून संपवला, पण तिसऱ्या भागावर अजून पट्ट्या नव्हत्या, म्हणून तो मी वाचत गेले, सोनी ऐकत गेली. गप्पी बरण्या घेऊन छपरावर उभी राहिली आणि पुस्तक संपलं. पुढची चार पानं नव्हती.

"मग?" सोनी म्हणाली.

मी पुढचं मनानेच सांगायला लागले. काका पट्ट्यांसाठी कागद शोधायला उठले. पट्ट्या कातरायची कात्री मात्र माझ्या आधी सोनीने उचलली.