फुलपाखरू की पतंग

माझे यजमान एसटीत कंडक्टर होते. लातूर–देवणी गाडीवर त्यांची बरीच वर्षं गेली. स्टँडच्या या टोकाला त्यांनी हाक मारली की त्या टोकाचा चहावाला मान वर करून बघायचा. घरातही तोच आवाज. भाजीपासून राजकारणापर्यंत सगळ्यावर त्यांचं काहीतरी म्हणणं असायचंच.

निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. सुरुवातीला माणसं भेटायला यायची. हळूहळू थांबली. उत्तर न देणाऱ्या माणसाशी कोण किती वेळ बोलणार? माझंही बोलणं आटलं. ‘जेवता का’, ‘उन्हात बसवू का’, एवढंच. दुपारी कुकरची शिट्टी झाली की घरात तेवढाच काय तो आवाज.

आमची एकुलती एक मुलगी कोकणात, समुद्राकाठच्या गावात सरकारी नोकरीला. ती तिथे एकटीच राहते. एका सकाळी तिने मोबाइलवर फोटो पाठवला आणि मागोमाग फोन केला.

“पप्पा, क्वार्टरमागच्या बागेत लई फुलपाखरं येऊन राहिलीत. हे कोणतं, ओळखा बरं.”

मी फोन यांच्यासमोर धरला. हे कितीतरी वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन फुलपाखरांचं चित्रांचं पुस्तक आणलं. मी स्वतः शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण रंगीत असलं की फुलपाखरू आणि मळकट असलं की पतंग, एवढंच मला ठाऊक होतं. पुस्तक वेगळंच सांगत होतं. दिवसा उडणारे काही पतंगही रंगाला तितकेच देखणे असतात. बघायच्या त्या मिशा. फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गुंडी असते, पतंगाच्या मिशांना नसते. बसतानाही फुलपाखरू बहुतेक वेळा पंख उभे मिटतं आणि पतंग पसरून ठेवतो.

त्यावरून यांनी खूण ठरवली. डावा पंजा उभा धरला की फुलपाखरू, मांडीवर आडवा टाकला की पतंग. फोटो यायचा, मी पानं उलटायची, हे पंजा दाखवायचे. काळ्या पंखांवर लाल ठिपक्यांचं एक, लिंबाच्या झाडावरचं पिवळं-काळं एक, अशी आमची ओळख वाढत गेली.

एकदा पिवळ्या-निळ्या पंखांचं, भलं मोठं काहीतरी आलं. मी पाहताक्षणी म्हणाले, “फुलपाखरूच हाय हे.” यांनी पंजा आडवा टाकला.

“अहो, एवढा रंग पतंगाला कुठून येईल?”

पंजा पुन्हा आडवा, या वेळी जोरात. मी वाद घातला. किती महिन्यांनी आम्ही भांडत होतो! शेवटी फोटो मोठा करून मिशा बघितल्या. दोन्ही बारीक दोऱ्यासारख्या, गुंडीचा पत्ता नाही.

“न्हाई हो, तुमचंच खरं. पतंगच हाय.”

हे हसले. खरखरीत, एका बाजूने वाकडं, पण मोठ्याने. मी लगेच मुलीला फोन लावला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. पलीकडून ती म्हणाली, “आई, हे पप्पा हाय का?” आणि रडायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना दुसरा झटका आला. त्यातून ते उठले नाहीत.

फोटो थांबले. पाठवावेत की नाही, हे तिला कळत नसावं, आणि मीही कधी मागितले नाहीत. पावसाळा सरल्यावर ती मला येऊन घेऊन गेली. तेव्हा पहिल्यांदा ती बाग मी डोळ्यांनी पाहिली. ती ऑफिसला गेली की मी पायरीवर बसायचे. समोर जास्वंदीवर, लिंबावर ऊन आणि पंख. पुस्तक मी लातूरलाच ठेवून आले होते, पण बहुतेक नावं आता तोंडपाठ होती. नाव ओठावर यायचं, शेजारी मान वळायची आणि रिकामी पायरी दिसायची.

संध्याकाळी मुलगी विचारायची, “आज काय काय आलं बागेत?”

“आलं होतं बरंच,” मी म्हणायचे, आणि भात वाढायला घ्यायचे.

“आई, इथंच राहा ना. तिथं एकटी काय करशील?”

इथे हवा ओली आहे, लुगडी वाळत नाहीत, असं मी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं नाही. रविवारी तिने मला लातूरच्या गाडीत बसवून दिलं. गाडी हलेपर्यंत ती खिडकीचा गज धरून उभी होती.