उंचावरून ओत

इंदुअक्का दुष्ट होत्या.

त्यांना जाऊन आज महिना झाला आणि साबणाच्या क्लासच्या ग्रुपवर सगळे लिहितायत, 'गोड स्वभावाच्या अक्का'.
अरे, कोण ही गोड बाई? मला तर ती कधी भेटली नाही.

मला भेटल्या त्या जयनगरच्या इंदुअक्का. पुण्याहून इकडे आल्यावर त्यांच्याकडे मी साबण करायला शिकले.
साबणाची आतली नक्षी कापल्यावरच कळते. अक्का आमचे साबण सगळ्या क्लाससमोर कापायच्या. चष्मा वर सरकवून म्हणायच्या, "बघून घ्या सगळ्यांनी. असं करायचं नाही."

एकदा मी हौसेने साबणावर ताजी आबोली लावली. दुसऱ्या दिवशी फुलं काळी ठिक्कर.
"आबोली केसात घालतात ग. कॉस्टिक सोड्यात नाही. पुण्यात काय सगळं उलटंच?"
सगळा क्लास खिदळला. मी जे. पी. नगरच्या घरापर्यंत ऑटोत रडत आले.
काय झालं म्हणून ऑटोवाल्याने कन्नडमध्ये विचारलं, "एनाय्तु मेडम?"
त्याला काय सांगणार, साबण फसला म्हणून?

पण बाईचा हात! पांढऱ्या मिश्रणात उंचावरून निळी धार सोडायच्या. कापलं की वरपासून तळापर्यंत निळ्या रेघा.

माझी धार कायम साच्याला चिकटून. शिंतोडा कातडीवर उडाला की चरचरतं, म्हणून भीती. रंग वरच तरंगायचा.
"उंचावरून ओत ग. स्वल्प उंच. घाबरतेस काय, ओटा पुसता येतो."

मला त्यांच्या तोंडून एकदा 'बरा जमलाय' ऐकायचं होतं. बस्स. इन्स्टावरचे हार्ट गेले खड्ड्यात.

मग अक्कांना कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी हात टेकले.

मी हॉस्पिटलमध्ये नवी वडी घेऊन गेले. निळी-पांढरी, न कापलेली, खालच्या बटर पेपरसकट. वरची नक्षी इतकी सुंदर की मीच बघत बसले होते.

अक्कांनी बोट टेकवलं. वास घेतला.
"ओली आहे. महिनाभर वाळू दे. मग बघते."
"अक्का, महिन्याने..."
"मग? शिकवलेलं विसरलीस?"

महिना हातात नाही हे त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. सलाईन लावणाऱ्या सिस्टरलाही माहीत होतं.
"ठेव इथेच. इथे वाळेल."

मरतानासुद्धा बाईच्या तोंडून दोन चांगले शब्द निघाले नाहीत. लिफ्टमध्ये मी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या.
त्याच आठवड्यात त्या गेल्या.

काल त्यांची मुलगी विद्या वडी परत द्यायला आली. वडीचे दोन तुकडे झाले होते.
"तू गेल्या गेल्या आईने कापायला लावली. फळांच्या सुरीने. तिला सुरी धरवत नव्हती, मीच कापली."

तुकडे हातात घेत मी विचारलं,
"काय म्हणाल्या?"
"हसली. म्हणाली, भित्री कुठली."

मी तुकडा आडवा धरून बघितला.
वर बोटभर निळं. खाली सगळं कोरं पांढरं.

आज सकाळी स्टुलावर चढून ओतलं. ओटा, फरशी, माझा कुर्ता, सगळं निळं झालंय. उद्या कापेन. रंग तळापर्यंत पोचला असला तरी आता दाखवू कुणाला?

नमस्कार करते, अक्का.
गोड वगैरे मी लिहिणार नाही. तुम्ही ते खपवून घेतलं नसतं.