तो टाईम अस्वलाचा होता

गवतातून पळून आलं की मोज्यांना कुसळं चिकटतात ना, तसे किस्से चिकटतात. पळताना कळत नाही. घरी येऊन निवडायला बसलं की कळतं, अरे, किती जमले!

आम्ही घुग्घुसचे चार जण. मी कोळसा खाणीच्या टाइम ऑफिसात हजेरी घेणारा बाबू. मारोतीभाऊ त्याच खाणीत डंपर चालवायचे. सुनंदाबाई गावच्या दवाखान्यात नर्स. आणि देवराव वनरक्षक, ड्युटी ताडोबाच्या बाजूच्या जंगलात, पण रविवारी मोटारसायकल काढून आमच्याबरोबर पळायला हजर! हैदराबादच्या मॅरेथॉनमध्ये बेचाळीस किलोमीटर पळायचं, असं आम्ही चौघांनी एका रविवारी ठरवलं. काऊन ठरवलं, ते आजपर्यंत कुणालाच सांगता आलेलं नाही.

एक मात्र लक्षात आलं. मॅरेथॉन डोक्यात शिरली की घड्याळ पहिल्यासारखं चालत नाही.

*

पेपरात तयारीचा तक्ता आला होता. सोमवारी आराम, बुधवारी आठ किलोमीटर, रविवारी लांब पल्ला. मी चार झेरॉक्स काढून वाटल्या.

मारोतीभाऊंची सुट्टी गुरुवारी. त्यामुळे त्यांनी तक्त्यातला रविवार गुरुवारी धरला आणि बाकीचे वार तसेच पुढे सरकवले. दोन महिने इमानदारीनं पळाले. जायच्या आठवड्यात मात्र तोंड पाडून माझ्या खिडकीशी उभे!

"बाबूजी, मोठा घोटाळा झाला."

"काय झालं?"

"मॅरेथॉन रविवारी हाय ना? रविवार म्हणजे माहा बुधवार. अन् बुधवारी फक्त आठ किलोमीटर लिहून हाय!"

*

सुनंदाबाई कॉलनीच्या ग्राउंडवर पळायच्या. बाईमाणूस एकटं पळतं म्हटल्यावर लोक बोलणार, म्हणून सासूबाई सोबत येऊन ओट्यावर बसायच्या. रिकामं कशाला बसायचं, म्हणून लसूण सोलायच्या.

सासूबाईंना घड्याळ कळत नव्हतं, पण आठ दिवसांत त्यांनी हिशोब बसवला. एका राउंडला अकरा पाकळ्या! एक दिवस सुनंदाबाई समोरून जाताच त्या ओरडल्या, "सुनंदा, सतरा झाल्या! कुठी लक्ष हाय तुहं?"

सुनंदाबाई धापा टाकत म्हणाल्या, "आई, आजचा लसूण बारका हाय ना!"

सासूबाईंनी हातातला गड्डा उलटापालटा करून पाहिला. म्हणाल्या, "बराबर हाय. उद्या मोठा आणतो."

त्या दोन महिन्यांत कॉलनीतल्या प्रत्येक घरी लसणाची चटणी पोचली.

*

देवरावचा सराव जंगलच्या रस्त्यावर. त्यानं एक वही केली होती, दर रविवारी आम्हाला आणून दाखवायचा. एकदा पाहतो तर काय, वीस किलोमीटर एक तास चाळीस मिनिटं! आम्ही थक्क. आम्हाला तर अडीच तास लागत होते.

सुनंदाबाईंनी विचारलं, "देवराव, निघाला किती वाजता?"

"साडेपाच."

"पोचला किती वाजता?"

"पावणेआठ."

"मग हे एक तास चाळीस कसे जी?"

देवरावनं शांतपणे पान उलटलं. मागं लिहिलं होतं, 'अस्वल: पस्तीस मिनिटं.'

"रस्त्यात बसून होतं. मोहाच्या झाडाखाली. मी झुडपामागं श्वास रोखून उभा. आता तो टाईम अस्वलाचा, माहा कसा धरू?"

पस्तीस मिनिटं अस्वलापुढं उभा राहून माणूस धड परत आला होता आणि आम्ही टाईम विचारत होतो! सुनंदाबाईंनी वही मिटली आणि आधी त्याला डब्यातला पोहा खाऊ घातला.

*

बल्लारशावरून दुपारच्या पॅसेंजरनं निघालो. इतकी गर्दी, की एका पायावर उभं राहायचं आणि दुसरा कुठं गेला ते शोधायचं. सिरपूरच्या अलीकडं जंगलात गाडी थांबली. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

मारोतीभाऊ म्हणाले, "पाय आकडून राह्यले. जरा हलवून येतो." उतरले आणि रुळाच्या बाजूनं पळायला लागले! लोक खिडकीतून पाहून राह्यले. तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली आणि हलली.

आम्ही ओरडतोय, मारोतीभाऊ पळतायत. एक वळण आलं आणि दिसेनासे झाले.

चढले की राहिले? डब्यातून डब्यात जायला रस्ता नाही. मी नऊ वेळा घड्याळ पाहिलं, सात मिनिटं झाली होती! देवराव दारात लटकून मागं पाहत होता. सुनंदाबाई म्हणाल्या, "त्याच्या बायकोले सांगून आली होती मी, सांभाळून आणतो म्हणून."

पुढचं स्टेशन आलं तसे आम्ही तिघं प्लॅटफॉर्मवर उडी टाकून मागं धावलो. चौथ्या डब्याच्या खिडकीत मारोतीभाऊ! मांडीवर कुणाचं तरी लेकरू, हातात चहा. सुनंदाबाईंनी खिडकीतूनच त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला.

"अहो, हात तरी दाखवायचा! जीव गेला आमचा!"

"बाप्पा, इथी बसाले जागा भेटली," मारोतीभाऊ म्हणाले. "हात बाहेर काढला असता तं सरकून गेली असती!"

*

हैदराबादला धर्मशाळेत उतरलो. गजराचं घड्याळ एकच, माझं. सकाळी चारचा गजर लावला. उशीर नको म्हणून हळूच काटे अर्धा तास पुढं केले आणि झोपलो.

नंतर मारोतीभाऊंनी अर्धा तास पुढं केले. मग देवरावनं. मग सुनंदाबाईंनी. कुणीच कुणाला बोललं नाही.

गजर झाला. आंघोळी करून, नंबर छातीला लावून आम्ही मैदानावर पोचलो. ना मंडप, ना माणूस. फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या वॉचमननं आम्हाला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "क्या जी, पिछले साल के रह गए क्या?"

पण पळालो! कुणी पाच तासांत, कुणी सहा. चौघंही आपापल्या पायांनी घरी आलो. त्या दिवशी मॅरेथॉनबद्दल मला दुसरं काही वाटलंच नाही. फक्त, सुटलो!

*

दुसऱ्या वर्षी सुनंदाबाईंची बदली भामरागडकडं झाली. नाव मात्र चौघांनीही दिलं होतं. शनिवारी त्या बल्लारशाला येणार होत्या. गाडी आली, बाई आल्या नाहीत. पर्लकोटा नदीला पूर, पूल पाण्याखाली, फोन बंद. आम्ही तिघं गेलो, पळालो, पण सगळं लक्ष त्या नदीकडं.

पंधरा दिवसांनी बाई घुग्घुसला आल्या, तेव्हा कळलं.

त्या रविवारी सकाळी सहाला पाऊस उघडला होता. बाईंनी मनगटावरच्या नव्या घड्याळाचं, पळण्याचा वेळ शून्यापासून मोजणारं बटन दाबलं आणि आरोग्य उपकेंद्रापासून नाल्यापर्यंतच्या दोन किलोमीटर रस्त्यावर येरझारा सुरू केल्या. "तुम्ही तिकडं पळून राह्यले, अन् मी काय झोपून राहू?"

तीन तास झाले असतील. एक माणूस चिखल तुडवत आला. बायको पहाटेपासून अडली होती. त्यांचा टोला, म्हणजे चार झोपड्यांची वस्ती, पाच किलोमीटरवर, आणि बैलगाडीला त्या चिखलात दोन तास लागले असते. बाईंनी बाळंतपणाची पिशवी पाठीला बांधली आणि त्याच्यासोबत पळत सुटल्या. "अर्ध्यात तो दम घ्याले थांबला, भाऊ. मी नाई थांबली."

पोचल्या तेव्हा लेकरू नुकतंच बाहेर आलेलं. निळं, आवाज नाही. बाईंनी नाक-तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. पुन्हा पाठ चोळली, पुन्हा टिचक्या मारल्या.

"एखादंच मिनिट असंन," बाई म्हणाल्या. "पन मले वाटलं, पूर उतरून पुन्हा चढला."

आणि पोरगी रडली! अशी रडली, की बाहेर उभा असलेला तिचा बापही रडायला लागला. त्या आवाजाबरोबर बाईंचं बोट आपोआप घड्याळाच्या बटनावर गेलं आणि मोजणी थांबली. पोरगी सुखरूप, आई सुखरूप. आजीनं आंबील दिली, बाई दोन वाडगे प्यायल्या आणि भिंतीला टेकून तिथंच बसून राहिल्या.

संध्याकाळी उपकेंद्रात येऊन रजिस्टर भरलं. जन्मवेळेच्या रकान्यात घड्याळात दिसत होतं ते लिहिलं: ३.५२.

महिन्यानं वरच्या ऑफिसातून रजिस्टर परत आलं. लाल शाईत शेरा, 'वेळ पहाटेची की दुपारची? खुलासा करावा.'

बाईंनी खाली सुवाच्य अक्षरात खुलासा केला: 'पळतानाची.'